वेशीतला सा

आमच्या घरी चिंच स्वयंपाकाला कमी आणि बाज्यांना जास्त लागायची. चांद्याच्या परकोटाला, म्हणजे गावाभोवतीच्या जुन्या दगडी तटाला, पाठ लावून उभं असलेलं आमचं दोन खणांचं घर, पुढे अंगण, आणि अंगणात उन्हाला पसरलेले कॉर्नेट, क्लॅरिनेट, युफोनियम, पोत्याएवढा मोठा बेस आणि झांजा. अम्मा चिंचेचं पाणी करून द्यायची, मी राखेनं घासायची, आणि अब्बा एकेक नग उचलून त्यात आपला चेहरा बघायचे. चेहरा नीट दिसला नाही की पुन्हा घास. बाराही महिने माझ्या बोटांना चिंचेचा आणि पितळेचा वास असायचा. अम्मा जेवताना नाक मुरडून म्हणायची, "हमीदाच्या हातची लाखोरीची डाळ बी पितळेची लागते." मग स्वतःच दुसऱ्यांदा वाढून घ्यायची.

अब्बांना गाव करीममास्तर म्हणायचं. तरुणपणी कामठीला एका पलटणीतून पेन्शनीत निघालेल्या वाजप्याकडे ते कॉर्नेट शिकले होते आणि परत येऊन त्यांनी चार-सहा जणांचा बँड उभा केला होता. लग्नात सिनेमाची गाणी वाजवायला कोणालाही येतं, असं त्यांचं मत. बँडवाल्याची पारख देवापुढे होते. म्हणून गावातल्या भजनी मंडळाच्या मागे बसून ते एकेक भजन कानात साठवायचे, घरी येता येता रस्त्यात पुटपुटायचे आणि उंबऱ्यातूनच मला हाक मारायचे. अम्माला सुरातलं काही कळत नसे. ती म्हणायची, "मले तं सगळंच पेंऽ पेंऽ ऐकू येते." मग अब्बा ते भजन माझ्या कानात ओतायचे आणि मी ते धरून ठेवायची. आमच्याकडे कागदावर काही नसायचं, जे होतं ते तोंडात.

पण गळ्यातलं भजन पितळेत उतरवणं सोपं नाही. गळा एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो. कॉर्नेटला तीन बटणं, दाबलं की सूर उडी मारतो. वर चालता चालता वाजवायचं, म्हणजे दम लागतो. मग ती चीज तोडावी लागते: इथपर्यंत तू, इथून तो, त्याचा दम संपायच्या आत तिसऱ्यानं खालून उचलायचं. आमच्या घरी याला वाटे घालणं म्हणायचे. ईदेला मटणाचे वाटे पडतात तसे. अब्बांचा नियम असा, की प्रत्येक वाट्यात कलेजीचा एक तरी तुकडा पाहिजे. बेसवाला बिचारा दिवसभर भोंऽ भोंऽ करतो, तर त्यालाही अशी एक जागा द्यायची की लोकांनी मान वळवून बघावं. आणि दुसरा नियम त्याहून कडक. भजनाचे शब्द बाज्यातून कोणाला ऐकू येत नाहीत, तरी देवाचं नाव जिथं येतं तिथं मध्येच श्वास घ्यायचा नाही. नाव अख्खं एका दमात गेलं पाहिजे. एकदा क्लॅरिनेटवाल्या गोपाळनं विठ्ठलाच्या नावात श्वास घेतला, तर अब्बांनी त्याला पुन्हा पुन्हा तेच वाजवायला लावलं. "देवाले मधातून कापतो का बे?" पाचही वेळ नमाज पढणारा माणूस, पण या बाबतीत मोठमोठ्या महाराजांना भारी.

मी मोठी झाले तशी अम्मानं ओसरी आणि अंगण यांच्या मध्ये बांबूची ताटी बांधली. पलीकडे वाजपी, अलीकडे मी. अब्बांनी घातलेले वाटे मी ताटीमागून म्हणायची आणि पलीकडचे ते उचलायचे. हळूहळू वाटे मीच घालू लागले. ते कधी ठरलं, कोणी ठरवलं, काही आठवत नाही. अब्बा खुर्ची ताटीला लावून, वाजप्यांकडे तोंड करून बसायचे आणि मी म्हटलेलं ऐकून नुसती मान हलवायचे. युफोनियम वाजवणारे मारोतीभाऊ धंद्यानं सुतार. दार अडेल असा माणूस आणि आवाज मात्र मांजरीएवढा. "बाई, माह्या वाट्याचं एकडाव पुन्हा म्हना नं," असं ते दर खेपेला म्हणायचे आणि पाठ झालेलं असलं तरी म्हणायचे.

स्वस्थ बसणं मला तेव्हाही येत नव्हतं, आताही येत नाही. आता तर माझेच दात रात्री ग्लासात असतात, गुडघे सरकार जमा झालेत, तरी बाहेर कुठे वाजलं की बोटं गादीवर चालू होतात आणि सून विचारते, अम्मी, काही पाहिजे का. तेव्हा तर नुसती तगमग होती. मी घातलेले वाटे रस्त्यावर कसे वाजतात ते मला धड ऐकायला मिळत नसे. अंगणात ऐकणं वेगळं आणि गर्दीत, धुळीत, बैलगाड्यांच्या खडखडाटात ऐकणं वेगळं. मिरवणूक निघाली की मी घरभर फिरायची. चूल, खिडकी, मागचं दार, पुन्हा चूल. अम्मा म्हणायची, "पायाले भिंगरी लागली का तुह्या? बस नं एका जागी." त्यात त्या हिवाळ्यात सिरोंचाचे पाहुणे येऊन मला बघून गेले होते. लोक चांगले, गोदावरीकाठी घर, कापडाचा धंदा. पण तिथं निम्मं गाव तेलुगू बोलतं आणि बँड नावाला नाही, एवढंच माझ्या डोक्यात बसलं होतं. चैत झाला की पक्कं करू, अब्बा म्हणाले होते.

चैतात आमच्या भागातल्या देवीची पालखी निघायची, ती वेशीतून बाहेर नदीकडे जायची. वेस म्हणजे जाड भिंतीतलं लांब, अंधारं भुयारच. तिच्या पोटात ढोल वाजला की कान फाटतात, म्हणून वेशीच्या तोंडाशी ढोल थांबायचे. पण देवी वेशीतून मुकी जाऊ नये असा रिवाज. पालखी आत शिरली की मास्तरच्या कॉर्नेटनं वरचा सा धरायचा आणि पालखी पलीकडे निघेपर्यंत सोडायचा नाही. सूर तुटला तर पालखी मागे देवळात न्यायची आणि पुढच्या सालापासून मान दुसऱ्या बँडला. पालखी कधी फिरल्याचं म्हाताऱ्यांनाही आठवत नव्हतं. अब्बा इतकी वर्षं तो सा एका दमात नेत. बल्लारपूरचा एक नवा बँड, नव्या लाल डगल्यांचा, दरवर्षी बाजूला उभा राहून ऐकायचा. सौजन्यानं ऐकत होते असं मला कधी वाटलं नाही.

आणि त्या साली होळीनंतर, भाजलेले हरभरे खाताना, अब्बांचा वरचा पुढचा दात हातात आला. आधीच हलत होता, तंबाखूनं हिरड्या खाल्ल्या होत्या. दुसऱ्या कोणाचा दात गेला तर माणूस हसतो आणि सोडून देतो. कॉर्नेटवाल्याचा पुढचा दात म्हणजे त्याची भिंत. ओठ त्यावरच टेकतो, आणि वरचा सूर हवा तर दाबून टेकावा लागतो. अब्बांनी दात धुतला, रुमालात बांधला आणि दोन दिवस कॉर्नेटला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी बाजारात मध विकायला येणाऱ्या गोंड बाईकडून मोहळाच्या मेणाचा गोळा घेऊन आले. आरशासमोर बसून त्यांनी मेण मऊ केलं, हिरडीत भरलं आणि स्वतःचाच दात स्वतःच्याच जागी नेऊन बसवला. मग कॉर्नेट उचलला. पहाटेचा गारवा होता. वरचा सा निघाला, अगदी पहिल्यासारखा. अम्मानं पदर पसरून अल्लाचे आभार मानले. अब्बा माझ्याकडे वळून हसले, आणि तो दात एखाद्या पाहुण्यासारखा जरा जास्तच पुढे येऊन बसलेला मला दिसला.

"अब्बा," मी म्हटलं, "पालखी चैतात निघते. दुपारी. चांद्याच्या उन्हात मेण राहीन का?"

"तू मले चांद्याचं ऊन शिकवून राह्यली?"

"मी म्हणते, सा चे वाटे घालू. मधला मारोतीभाऊले, वरचा गोपाळले, खालचा बेसले. एकाचा दम संपायच्या आत दुसरा. कोणालेच दाबून वाजवा लागणार नाई."

त्यांनी कॉर्नेटची बटणं एकदा दाबून बघितली. मग म्हणाले, "भजनाचे वाटे घालते ते ठीक. सा चे कोणी वाटे घालते का? उद्या म्हणशील देवीचेच वाटे घाला. सिरोंचाले जाय, तिथी घाल जे घालाचं ते." आणि कॉर्नेट पुसत बसले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसा माणूस. मला रडू आलं, पण रागानं.

दोन दिवसांनी अब्बा बाजारात गेलेले असताना मारोतीभाऊ आपला बाजा घेऊन लवकर आले. मी ताटीमागून त्यांना सरळच विचारलं, "मारोतीभाऊ, वेशीत सा तुटला तं?"

"असं अभद्र बोलू नये बाई."

"न बोलल्यानं दात घट्ट होते का? पालखी मागे फिरन. गावात पिढ्यान्‌पिढ्या कोणाचं नाव निघन? करीममास्तरचं."

पलीकडे बाज्याचं बटण खाली-वर होत राहिलं. मग बारीक आवाज आला, "मास्तरच्या पाठीमागं मी कसं शिकू? हा बाजा धराचा कसा, हे त्यायनंच दाखवलं मले."

"वाजवू नका. नुसतं शिकून ठेवा. घरात आपण पाण्याचा माठ भरून ठेवतो, तो आग लागावी म्हणून थोडाच?"

"आन गरज नाई पडली तं?"

"तं मी सिरोंचाले जाईन अन तुम्ही विसरून जा."

ते हसले असावेत, कारण बाज्यातून फुस्स आवाज आला. मग म्हणाले, "म्हना." मी म्हटलं. मधला सा त्यांनी धरायचा, हळू, जणू आधीपासूनच तिथं होता असा. त्यांचा दम अर्धा झाला की गोपाळनं क्लॅरिनेटवर वरचा सा त्यांच्या डोक्यावर ठेवायचा. तो बसला की बेसनं खालून उचलायचं. श्वास कोणी कोणाबरोबर घ्यायचा नाही. आणि मुख्य म्हणजे वेशीत शिरताना तोंड बाज्याला लावूनच चालायचं. सूर तुटल्यावर बाजा उचलला तर उशीर झाला. मारोतीभाऊंनी ते बाकीच्यांना आपल्या दुकानात, रंध्याच्या आवाजाआड शिकवलं. त्या दिवसांत अब्बा घरी गप्प असायचे, मेण चघळून चघळून मऊ करायचे, आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळायची. जेवण जायचं नाही.

पालखीच्या दिवशी अम्मानं आंबील आणि भात केला होता. अब्बांनी घासही घेतला नाही. दात हलेल म्हणून मान मागे टाकून वरूनच पाणी प्यायले, डगल्याची पितळी बटणं लावली आणि ओठ मिटून निघाले. अम्मानं खुदा हाफिज म्हटलं तर त्याचंही उत्तर हातानं दिलं. ते कोपऱ्यावर वळले आणि मी मागच्या दारानं परकोटावर चढले. तिथं बायका मोहफुलं वाळत घालायच्या, म्हणून कोणी पाहिलं तरी हरकत नव्हती. वेस तिथून दिसायची नाही, भिंतीचं वळण आड यायचं. पण ऐकू यायचं.

आणि पालखी काही येईना. प्रत्येक दारात ओट्या, प्रत्येक दारात नारळ. ढोल दूर कुठेतरी घुटमळत होते. ऊन असं की परकोटाचे दगड तव्यासारखे तापलेले, आणि मी घाईत अनवाणी आलेली. एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत मी मनात देवीला म्हणत होते, बाई गं, चाल ना लवकर, माझ्या बापाच्या तोंडात मेण आहे. तिला ते ऐकू गेलं असेल तर तिनं दाखवलं नाही. अखेर भजन जवळ आलं. मी घातलेले वाटे एकेक करून येत होते आणि त्यातही माझं लक्ष फक्त कॉर्नेटकडे. अब्बा खालच्या सुरांतून वेळ काढत होते, वरच्या जागा अर्ध्यावर सोडत होते. लोकांना कळलं नसेल. मला कळत होतं, आणि बेसवाल्याचा कलेजीचा तुकडा आला तेव्हा त्याचा मला आनंदही झाला नाही.

मग ढोल थांबले.

वेशीतून वरचा सा आला. सरळ, स्वच्छ. मी दगडांवर थिजून उभी राहिले, पाय भाजत असताना. सा पुढे सरकत होता. पालखी अर्ध्यावर आली असेल. मला वाटलं, जमलं. माझंच चुकलं, म्हाताऱ्यानं बाजी मारली. आणि तेवढ्यात त्या सुराच्या कडेला फुंकर मिसळली. चुलीत ओलं लाकूड सुसू करतं, तशी. सा थरथरला, खाली घसरला, नुसती हवा झाला. मी डोळे मिटले. मध्ये एखादा क्षण रिकामा गेला का? मला आजही ठरवता येत नाही. माझ्या कानांना तो गेलेला आठवतो, पण वेशीच्या पोटात घुमणारा आवाज लगेच मरत नाही, आणि तो मरायच्या आत मारोतीभाऊंचा मधला सा तिथं होता. हळू, जणू आधीपासूनच. त्याच्यावर गोपाळ येऊन बसला. खालून बेसनं दोघांना उचललं. एका माणसाच्या दमावर जेवढा सा कधी झाला नव्हता तेवढा तो झाला, आख्खी वेस भरली, आणि मग पलीकडून ढोल पुन्हा सुरू झाले, लोकांचा गजर उठला. पालखी बाहेर निघाली होती. मी तिथंच मोहफुलांत बसून हमसून रडले. तळव्यांना फोड आलेत हे घरी आल्यावर कळलं.

संध्याकाळी अब्बा आले. मिशीला मेण लागलेलं होतं. कॉर्नेट खुंटीला अडकवला, रुमालातून दात काढून ग्लासात... नाही, ग्लासात नव्हे, फडताळात ठेवला. म्हातारपणी माझ्या डोक्यात त्यांचे आणि माझे दात मिसळतात. अम्माला एवढंच म्हणाले, "भात नरम कर." थोड्या वेळानं भजनी मंडळाचे म्हातारे अंगणात येऊन उभे राहिले. "मास्तर, यंदा तं देवी तीन तोंडानं बोलली. काय नवीन काढलं हो?" अब्बा म्हणाले, "हव." तेवढंच. ते माझं होतं असं सांगितलं नाही, आणि आपलं होतं असंही नाही. मला वाटलं, आता मला बोलतील. बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर मी चार उत्तरं दिली असती आणि जीव हलका झाला असता. घरात भांडं पडलं तरी मी दचकायची.

मग मूल गावाकडच्या एका खेड्यातून सप्त्याचं बोलावणं आलं आणि वाजपी पुन्हा अंगणात जमले. मी ताटीमागे बसले. अब्बा घरातून आले. खुर्ची ताटीला लावलेली होती, नेहमीसारखी. त्यांनी ती उचलून बाजूला ठेवली, सतरंजीवर मारोतीभाऊंच्या शेजारी जाऊन बसले, ताटीकडे तोंड करून, आणि कॉर्नेट मांडीवर घेतला. मारोतीभाऊ एवढे सरकले की सतरंजीच्या बाहेर गेले.

"बोल," अब्बा म्हणाले. दाताच्या फटीतून शब्द सुटत होता. "माहा वाटा कोणता?"

माझ्याकडे त्यांचा वाटा नव्हता. सगळ्यांचे घातले होते, त्यांचा नाही. त्यांचा वाटा म्हणजे अख्खी चीज, असंच मी जन्मापासून पाहिलं होतं; त्यातला तुकडा काढून त्यांना कसा द्यायचा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सगळे थांबले होते. मी घाईघाईनं मनातल्या मनात चीज चाचपली आणि दाबाविना निघेल असा एक सूर शोधला. भजनाच्या दुसऱ्या ओळीखाली धरून ठेवायचा पा, नुसता, साधा. तो मी म्हटला. अब्बांनी कॉर्नेट ओठाला लावला आणि वाजवला. फटीतून हवा सुसू करत होती, पण पा जागेवर होता. कोणी हसलं नाही. त्यांनी तो पुन्हा वाजवला, मग कॉर्नेट खाली घेतला.

"यात कलेजी कुठी आहे?"

स्वयंपाकघरात अम्माची पळी थांबली. मला खोटं बोलता आलं असतं. म्हणजे आलं असतं असं आज वाटतं.

"कलेजी यंदा मारोतीभाऊच्या वाट्याले गेली, अब्बा."

मारोतीभाऊ मान खाली घालून सतरंजीचा दोरा उपटू लागले. अब्बांनी बाहीनं कॉर्नेटचं तोंड पुसलं. एकदा पुसलं, पुन्हा पुसलं.

"बरं," ते म्हणाले. "मंग माहा पा पुन्हा म्हण. अन श्वास कुठी घेऊ तेही सांग. देवाचं नाव तुटू नये."